इक्झोरा आणि ईश्वर

प्रश्न असा : 'इक्झोरा या फुलझाडाचं नाव ईश्वर या शब्दावरून आलं, असं वाचलं. हे खरं, की ओढूनताणून जोडलेला संबंध?'

शंका रास्त आहे. दिसेल त्या परदेशी शब्दाचं मूळ संस्कृतात नेऊन पोचवायची हौस इतकी बोकाळली आहे, की खरी व्युत्पत्तीही थाप वाटू लागते. ही मात्र खरी आहे.

गोम आहे Ixora या रोमन लेखनातल्या मधल्या 'एक्स' या अक्षरात. पोर्तुगीजमध्ये ते अनेकदा 'श'साठी येतं. रोमी लिपीतली कोंकणी आजही 'इश्ट' म्हणजे मित्र हा शब्द एक्स घालूनच लिहिते. तेव्हा इक्झोराचं रोमन लेखन पोर्तुगीज पद्धतीनं वाचलं, तर ते होतं 'इशोरा'. मलबारात कानावर पडलेला 'ईश्वर', म्हणजे शिव, असा कागदावर उतरला. बंगाली माणूस ईश्वरला 'इश्शोर' म्हणतो. त्याच्या शेजारी ठेवलं तर हे रूप फारसं परकं वाटत नाही. सतराव्या शतकातल्या युरोपीय प्रवासवर्णनांत शिवाचं नाव असंच लिहिलेलं आढळतं.

पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ते उचललं. ही फुलं त्या देवाला वाहतात, म्हणून प्रजातीला देवाचं नाव दिलं. 1753च्या त्याच्या ग्रंथात ते आहे. लॅटिन आणि इंग्रजी वाचणाऱ्यांनी एक्सचा 'क्स' नाही तर 'ग्झ' केला, आणि 'श' जो गेला तो गेलाच.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. ईश्वर हे या झाडाचं भारतीय नाव नव्हे. मल्याळममध्ये ते चेत्ती किंवा तेच्ची, बंगालीत रंगन, मराठीत बकोरा. त्यामुळे 'आपलंच नाव युरोपियनांनी पळवलं' हा सूर चुकीचा. नाव ठेवलं त्यांनीच, शब्द तेवढा इथला. इक्झोरा कॉफीच्या कुळातला; त्याच कुळातल्या मुसेंडा या फुलझाडाची गोष्ट वेगळी. तिथे झाडाचं सिंहली नावच शास्त्रानं घेतलं. आणि गार्डेनियात बाग शोधणाऱ्यांची निराशाच होईल, कारण ते नाव डॉ. अलेक्झांडर गार्डन यांच्या आडनावावरून आलं आहे.

इक्षू म्हणजे ऊस, त्यावरून इक्झोरा, अशीही एक जोडणी काहीजण करतात. तिला आधार नाही, नुसतं नादसाम्य.

राहता राहिलं लेखन. 'इक्झोरा' रुळलेलं आहे, 'इक्सोरा'ही चालेल. 'एक्झोरा' मला खटकतं, कारण मूळ शब्दाच्या आरंभी इ आहे, ए नाही. कुणी शुद्धीकरणाच्या भरात 'ईश्वरा' लिहू लागलं, तर बागेत हाक कुणाला मारली ते कळायचं नाही. मराठी नावच हवं असेल, तर बकोरा आहेच की.