जोडण्या किती आणि माणसे किती?

वाचकांचे प्रश्न

देशोदेशींच्या दूरध्वनी आणि इंटरनेट प्रसाराविषयी मागील अंकात जो लेख आला होता, त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: एवढे मोठे आकडे नेमके मोजतात कसे, आणि त्यांवर विश्वास किती ठेवायचा? त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. ट्रायच्या, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, अहवालानुसार मार्च 2024 अखेर देशाची दूरध्वनी घनता 85.69, शहरी भागाची 133.72 आणि ग्रामीण भागाची 59.19 होती. शंभर माणसांमागे 133 फोन हे विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावे? माझ्याच वर्गात अशा मुली आहेत, ज्यांच्या घरी पाच माणसांत मिळून एक फोन आहे. (एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. दूरध्वनी घनता म्हणजे कंपन्यांच्या नोंदीतील जोडण्यांच्या संख्येला लोकसंख्येने भागून शंभराने गुणलेला आकडा. या भागाकारात वर सिमकार्डे असतात आणि खाली माणसे. एका खिशातल्या फोनमध्ये दोन सिमे असतील, तर ती दोन मोजली जातात. नोकरीचा क्रमांक वेगळा आणि घरचा वेगळा असणारे, एका कंपनीचे नेटवर्क घरात मिळत नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम बाळगणारे, असे सगळे हा आकडा फुगवतात. आपल्या वर्गातील मुलीच्या घरी मात्र पाच माणसांना एकच जोडणी आहे, म्हणजे त्या घराची घनता वीस. शहरातील दोन सिमवाली आणि गावातील वीस घनतेची घरे एकत्र करून जी सरासरी येते, ती यांपैकी कोणत्याच घरात सापडत नाही.

या आकड्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना आणखी काही गोष्टी दडलेल्या आहेत, आणि विद्यार्थ्यांना त्या दाखवण्यासारख्या आहेत. वरची बाजू घेतली, तर कंपन्यांच्या नोंदीतील प्रत्येक सिम वापरात नसते. म्हणून ट्राय चालू सिमांचा वेगळा आकडाही देते. कोणते सिम सध्या कोणत्या भागात सुरू आहे याची नोंद नेटवर्क स्वतः ठेवते, त्या नोंदीवरून तो काढतात. साधारणपणे दहांपैकी नऊ सिमे चालू आढळतात. खालची बाजू म्हणजे लोकसंख्या. 2011 नंतरच्या जनगणनेचे आकडे हाती नसल्याने भागाकारासाठी 2011 वर आधारलेली अंदाजित लोकसंख्या वापरावी लागते.

तिसरी गोष्ट हद्दीची. दिल्लीची घनता अडीचशेच्या वर गेलेली दिसते, ती दिल्लीकर फोनवेडे आहेत म्हणून नव्हे. दूरसंचाराच्या दृष्टीने दिल्लीच्या क्षेत्रात नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरिदाबाद येथील ग्राहकही धरले जातात, भागाकार मात्र दिल्ली राज्याच्या लोकसंख्येने होतो. आपल्याकडेही असेच आहे. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र आहे, तर गोवा महाराष्ट्राच्या क्षेत्रात समाविष्ट आहे. गोव्याची स्थिती या नोंदीत वेगळी दिसत नाही, आणि त्यामुळे काय झाकले जाते ते शेवटच्या उत्तरात पाहू.

प्रश्न : मी दूरसंचार खात्यात सदतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. फोनसाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या लोकांच्या याद्या मी सांभाळल्या आहेत. आता तारेचे फोन कमी झाले. जुन्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत देशाची प्रगती तारेच्या फोनांवरूनच मोजत असत. त्या हिशेबाने आपण मागे गेलो असे म्हणायचे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. त्या प्रतीक्षा याद्या हे त्या काळाचे एक प्रामाणिक मोजमाप होते, कारण किती लोकांना फोन हवा आहे आणि मिळत नाही, हे त्यांतून कळत असे. आजच्या तक्त्यांत नेमका हाच रकाना नाही.

जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही देशोदेशींची आकडेवारी गोळा करणारी मुख्य संस्था आहे. 1865 मध्ये पॅरिसमध्ये तारायंत्राच्या कारभारासाठी तिची स्थापना झाली; आज ती संयुक्त राष्ट्रसंघाची विशेष संस्था आहे. या संघाने नेमलेल्या, सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने डिसेंबर 1984 मध्ये अहवाल दिला. जगातील सुमारे 60 कोटी टेलिफोनांपैकी तीन चतुर्थांश नऊ श्रीमंत देशांत आहेत आणि एकट्या टोकियोत संपूर्ण आफ्रिका खंडापेक्षा अधिक टेलिफोन आहेत, असे त्यात नोंदवले होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक माणसाच्या आवाक्यात टेलिफोन यावा, हे उद्दिष्ट त्या अहवालाने ठेवले. शब्द लक्षात घ्यावेत: प्रत्येकाच्या घरात असे आयोगाने म्हटले नव्हते, आवाक्यात असे म्हटले होते. आपल्याकडील पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ हे त्याच विचाराचे रूप होते. 1991 मध्ये भारतात शंभर माणसांमागे पूर्ण एक फोनही नव्हता. तरीही एस. टी. स्थानकाबाहेरच्या बूथवर, रात्री दर उतरल्यावर, मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून मुंबईच्या गिरणीतील भावाशी बोलण्यासाठी रांगा लागत. त्या एका फोनवर अख्खे गाव बोलत असे. घनतेच्या तक्त्यात मात्र त्याची नोंद ‘एक’ अशीच होती.

तारेच्या फोनांची संख्या आपल्याकडे 2006 च्या सुमारास 5 कोटींच्या आसपास पोहोचली आणि पुढे घटत गेली. मार्च 2024 मध्ये ती सुमारे 3.4 कोटी होती. मधल्या काळात भ्रमणध्वनी शंभर कोटींच्या पुढे गेले. तेव्हा आपण मागे गेलो नाही. मोजपट्टीच जुनी झाली. नव्या मोजपट्टीचीही तीच गत होते. ‘ब्रॉडबँड’ हाच शब्द घ्या. भारतात 2004 मध्ये सेकंदाला 256 किलोबिट वेग असला की जोडणी ब्रॉडबँड ठरत असे, 2013 मध्ये ही अट 512 किलोबिट झाली आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट. आंतरराष्ट्रीय संघाच्या तक्त्यासाठी 256 किलोबिटची अट अजून चालते, तर अमेरिकेच्या नियामक आयोगाने मार्च 2024 मध्ये आपल्या देशापुरती अट 100 मेगाबिट केली. दोन देशांच्या ब्रॉडबँड जोडण्या शेजारी शेजारी छापलेल्या दिसल्या, की तळटीप वाचल्याशिवाय तुलना करू नये. ज्या घरात चित्रफीत अडखळत चालते ते घर आणि ज्या घरात चार जण एकाच वेळी चित्रपट पाहतात ते घर, ही दोन्ही एकाच रकान्यात असू शकतात.

प्रश्न : एका बातमीत गरीब देशांत इंटरनेट सर्वांत वेगाने वाढत असल्याचे वाचले, तर दुसरीत श्रीमंत-गरीब दरी कायम असल्याचे. दोन्ही खरे कसे? (एक विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : आधार कोणता धरला, यावर ते अवलंबून आहे. समजा एका देशात 4 टक्के लोक इंटरनेट वापरत होते आणि वर्षभरात ते 6 टक्के झाले, तर ही वाढ पन्नास टक्क्यांची. दुसऱ्या देशात 90 चे 93 झाले, तर ही वाढ जेमतेम सव्वातीन टक्क्यांची. पण पहिल्या देशात शंभरांतले दोनच जण नव्याने आले, दुसऱ्यात तीन आले, आणि दोघांतले अंतर 86 वरून 87 झाले. म्हणून वाढीचा दर वाचला, की मूळ आकडाही शोधावा. आंतरराष्ट्रीय संघाने 2024 साठी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार उच्च उत्पन्नाच्या देशांत 93 टक्के आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत 27 टक्के लोक इंटरनेट वापरत होते. वाढीचा दर कितीही आकर्षक दिसला, तरी ही दरी विसरून चालणार नाही.

प्रश्न : मी समाजशास्त्रात संशोधन करते. मार्च 2024 मध्ये देशात 95 कोटींहून अधिक इंटरनेट ग्राहक होते, असे ट्रायची आकडेवारी सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र केवळ 33.3 टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. यांपैकी कोणता आकडा प्रबंधात घ्यावा? (एक संशोधिका, पुणे)

उत्तर : आपला प्रश्न या चारही पत्रांतील सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला फरक काळाचा. आपण सांगितलेले सर्वेक्षण 2019 ते 2021 या काळातले आणि 15 ते 49 वयोगटापुरते आहे. त्यात पुरुषांचे प्रमाण 57.1 टक्के होते. त्यानंतर पुष्कळ बदल झाला असणार. पण मूळ फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. कंपन्या जोडण्या मोजतात, सर्वेक्षण माणसे मोजते. कंपनीला सिम कोणाच्या नावावर आहे हे माहीत असते, ते कोणाच्या हातात आहे हे माहीत नसते. आपल्याकडे बायकोचे आणि मुलीचे सिम नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारकार्डावर घेतलेले असणे नवे नाही. म्हणून स्त्री आणि पुरुष यांच्यातील अंतर जाणायचे असेल, तर घरोघर जाऊन विचारण्याला पर्याय नाही.

आंतरराष्ट्रीय संघाची व्याख्या अशी आहे: मागील तीन महिन्यांत, कोणत्याही ठिकाणाहून, कोणत्याही साधनाने ज्याने इंटरनेट वापरले, तो वापरकर्ता. साधन स्वतःचे असण्याची अट नाही, हे या व्याख्येचे बळ आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही हाच निर्देशांक घेतलेला आहे. आपण दिलेल्या सर्वेक्षणात मात्र ‘कधी तरी वापरले का’ असा प्रश्न होता, त्यामुळे तो आकडा या व्याख्येच्या आकड्याशेजारी जसाच्या तसा ठेवता येत नाही.

आणि विचारणेही सोपे नाही. काही वर्षांपूर्वी एका पाहणीच्या वेळी मी जुन्नर तालुक्यातील एका गावात प्रगणक ताईंबरोबर हिंडलो होतो. एका घरी पन्नाशीच्या बाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. ‘तुम्ही इंटरनेट वापरता का?’ या प्रश्नाला त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, ‘न्हाई बाई, ते पोरांचं काम.’ ताईंनी ‘नाही’वर खूण करायला पेन टेकवले, तेवढ्यात आतून लेक म्हणाली, ‘अगं आई, रोज रात्री मावशीला बघून बोलतीस की!’ बाई हसल्या. ‘त्ये व्हय! त्ये तर व्हॉट्सअ‍ॅप हाय.’ ताईंनी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब आणि व्हिडिओ कॉल यांची नावे घेऊन, आणि उत्तर ‘हो’ झाले. त्या दिवशी लेक घरात नसती, तर त्या बाई देशाच्या आकडेवारीत इंटरनेट न वापरणाऱ्यांमध्ये गणल्या गेल्या असत्या. पुढच्या घरी दारात कर्ता पुरुष उभा होता आणि बायकोच्या वाट्याची सगळी उत्तरेही त्यानेच दिली. ती आत चुलीपाशी होती. तिने काय सांगितले असते, हे त्या नोंदीतून कधीच कळणार नाही. म्हणून आपण कोणतेही सर्वेक्षण वापराल, तेव्हा प्रश्नाचे शब्द कोणते होते आणि उत्तर त्या व्यक्तीने स्वतः दिले की घरच्या दुसऱ्या कोणी, हे आधी पाहावे. माझ्या मते प्रबंधात या दोन गोष्टींना आकड्याइतकेच स्थान मिळायला हवे.

सर्वेक्षण रोज होत नाही. ज्या देशांत ताजे सर्वेक्षण नसते, तेथे आंतरराष्ट्रीय संघ अंदाज बांधतो आणि नवी माहिती आली की ते अंदाज सुधारतो. 2024 च्या अहवालात जगातील वापरकर्ते 550 कोटी धरले होते. पुढच्या वर्षीच्या अहवालात ते सुमारे 600 कोटी झाले. पण त्यातील बराचसा फरक जुना अंदाजच वर सरकवल्यामुळे पडला. तो सगळा वर्षभरातील वाढ म्हणून लिहिणे चुकीचे ठरेल. दोन वर्षांची तुलना करायची असेल, तर दोन्ही आकडे एकाच, सर्वांत अलीकडच्या अहवालातून घ्यावेत.

आता गोव्याकडे येतो. त्याच आरोग्य सर्वेक्षणात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात 38.0 टक्के आणि गोव्यात 73.7 टक्के आले. पुरुषांचे अनुक्रमे 61.5 आणि 82.9. कंपन्यांच्या नोंदीत ही दोन्ही राज्ये एकाच क्षेत्रात मिसळलेली आहेत, तेथे हा फरक दिसण्याची सोयच नाही. महाराष्ट्रात स्त्री-पुरुषांमधले अंतर साडेतेवीस टक्क्यांचे, गोव्यात नऊ टक्क्यांच्या थोडे वर. टॉवर दोन्हीकडे आहेत. संघाच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातील 92 टक्के लोकसंख्या 4जी च्या टप्प्यात होती, तरीही सुमारे एक तृतीयांश माणसे इंटरनेटबाहेर होती. म्हणजे बाहेर राहिलेल्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यावरून सिग्नल जात होता. अडसर फोनच्या आणि रिचार्जच्या किमतीचा होता, अक्षरओळखीचा होता, आणि घरातला फोन कोणाच्या हाती राहतो याचाही होता.

तेव्हा प्रबंधात दोन्ही आकडे घ्यावेत, पण निरनिराळ्या प्रश्नांसाठी. सेवा किती पसरली, हे सांगण्यासाठी ट्रायचा आकडा आणि ती कोणापर्यंत पोहोचली, हे सांगण्यासाठी सर्वेक्षणाचा. दोहोंच्या शेजारी वर्ष, वयोगट आणि प्रश्नाचे मूळ शब्द न चुकता लिहावेत. जमल्यास स्वतः वीस-पंचवीस घरांत जाऊन तोच प्रश्न दोन प्रकारे विचारून पाहावा, आधी नुसता ‘इंटरनेट’ हा शब्द वापरून आणि मग व्हॉट्सअ‍ॅपचे नाव घेऊन. ‘नाही’ची ‘हो’ झालेली उत्तरे स्वतंत्र रकान्यात नोंदवून ठेवावीत.