साडेतीन हजार शब्दांची यादी जरा बाजूला ठेव

प्रश्न : मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यायच्या जीआरई या प्रवेश परीक्षेसाठी साडेतीन हजारांच्या यादीतले अकराशे शब्द पाठ केले, तरी सराव परीक्षेत व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाचे, गुण १४५ वरच अडकलेत. माध्यमामुळे होतंय का? वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर : माध्यमाचं मनातून काढून टाक. तुझ्या वहीत 'कॅव्हिल'समोर यादीतला इंग्रजी अर्थ जसाच्या तसा उतरवलेला दिसतो. तिथे 'खुसपट काढणे' लिही. 'गॅर्युलस'पुढे 'चऱ्हाट लावणारा', 'ऑब्सिक्वियस'पुढे 'लाळघोट्या'. हे शब्द ऐकताच तुझ्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहील, मग अर्थ घोकावा लागणार नाही. 'एनर्व्हेट'समोर मात्र तू 'उत्साह देणे' लिहिलंयस. 'एनर्जी'सारखा वाटतो म्हणून पुष्कळ मुलं इथे फसतात. अर्थ नेमका उलटा आहे : अंगातलं त्राण काढून घेणे.

मला जास्त काळजी सोप्या शब्दांची वाटते. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे, हे तुला येतं. पण एखादं विधान क्वालिफाय करणं म्हणजे त्याला 'पण-परंतु' जोडून मर्यादा घालणं. 'चेक' म्हणजे आवर घालणे, 'फ्लॅग' म्हणजे जोर ओसरणे. हे शब्द आपल्याला येतातच असं धरून आपण पुढे जातो आणि उताऱ्यात नेमके तिथेच अडखळतो.

नुसते विरुद्धार्थी शब्द विचारणं या परीक्षेने २०११ मध्येच बंद केलं. सप्टेंबर २०२३ पासून व्हर्बलला ४१ मिनिटांत २७ प्रश्न असतात, त्यातले जवळपास निम्मे उताऱ्यांवरचे. एका प्रकारात वाक्याच्या रिकाम्या जागेसाठी सहापैकी दोन शब्द निवडायचे असतात. दोन्ही बरोबर आले तरच गुण. म्हणून रोज दहाच शब्द घे, प्रत्येक शब्द निदान दोन वेगळ्या वाक्यांत वाच आणि तिसरं वाक्य स्वतः लिही. उरलेला तास एका मोठ्या इंग्रजी लेखाला दे. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी मागच्यापुढच्या ओळींवरून ओळख, मगच शब्दकोश उघड.

तुला हव्या असलेल्या विद्यापीठांना जीआरई लागते का, तेही आधी बघ. बऱ्याच ठिकाणी आता सक्ती नाही. 'पॉवरप्रेप' या जीआरईच्या अधिकृत सराव परीक्षेच्या दोन चाचण्या मोफत मिळतात. एक महिनाभराने दे, दुसरी परीक्षेच्या आदल्या आठवड्यासाठी राखून ठेव.