ईएमपी हल्ला किंवा सौर वादळामुळे महिनोन्महिने वीज गेली, तर शहरातल्या कुटुंबाने काय तयारी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात चौथ्या मजल्यावर राहता, आईला इन्सुलिन चालू आहे, घरात चार माणसं आहेत. एका व्हिडिओत ‘एका स्फोटात देशाची लाइट वर्षभर जाईल’ असं ऐकल्यापासून फॅराडे पिंजरा (विद्युतचुंबकीय झटका आतल्या वस्तूंपर्यंत पोहोचू न देणारं धातूचं बंद आवरण) करावा का, या विचारात आहात. माझी नोकरी अतिउच्चदाब उपकेंद्रांत यंत्रचालक म्हणून झाली आणि निवृत्तीनंतर मी मंडणगड तालुक्यात गावी राहतो, त्यामुळे वीज पुरवणाऱ्याची आणि ती गेल्यावर अंधारात बसणाऱ्याची, दोन्ही बाजू जवळून पाहिल्यात. माझं मत आधीच सांगून टाकतो: पिंजऱ्याचा खर्च पाण्यावर करा.

व्हिडिओवाले दोन वेगळ्या गोष्टींची एकच भेळ करतात. अणुबॉम्ब वातावरणाच्या वर, अवकाशात फोडला तर जो विद्युतचुंबकीय झटका येतो तो ईएमपी. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर सुमारे ४०० किमी उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला. तिथून साधारण १,४५० किमीवरच्या हवाईत रस्त्यावरचे तीनशेच्या आसपास दिवे गेले, चोरघंटा वाजायला लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर असाच प्रयोग केला, तेव्हा शेकडो किलोमीटर लांबीच्या टेलिफोन लाइनचे फ्यूज उडाले आणि जमिनीत पुरलेल्या वीजकेबललाही फटका बसला. तेव्हा घराघरात चिप नव्हत्या, आज आहेत, हे खरं. पण भारतावर असा बॉम्ब फुटला तर ते अणुयुद्धच असेल, आणि त्या दिवशी मोबाइल वाचला की नाही ही चिंता फार खालच्या नंबरावर जाईल.

सौर वादळ मात्र कुणी न ठरवता येतं. सूर्यावरून निघालेला भारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धडकतो, क्षेत्र हलतं आणि लांबलचक तारांमध्ये जवळजवळ डीसी (एकाच दिशेचा) म्हणावा असा प्रवाह वाहायला लागतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीला जोडलेल्या न्यूट्रलमधून शिरतो. एसीसाठी (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहासाठी) बनवलेल्या लोखंडी गाभ्याला हे सोसत नाही; तो अर्ध्या आवर्तनात संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही, आतले भाग तापतात, ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, दीड मिनिटात झोपलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात बसले. त्याच वादळात अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेलम अणुवीज केंद्राचा ट्रान्सफॉर्मर जळाला. रद्द झालेल्या दुसऱ्या एका प्रकल्पाचा ट्रान्सफॉर्मर पडून होता म्हणून काही आठवड्यांत काम भागलं. नवा बनवून घ्यायचा तर वर्ष सहज जातं.

आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्याने कॅनडा-स्वीडनइतका जोर आपल्याकडे होत नाही. म्हणून काहीच होत नाही असं मात्र नाही. इतिहासातलं सर्वांत मोठं नोंदलेलं सौर वादळ १८५९ चं. त्याची जगातली सर्वांत महत्त्वाची नोंद आपल्या मुंबईची, कुलाबा वेधशाळेची: २ सप्टेंबरला चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तिथे सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आला. आजही अभ्यासक तोच आकडा घेऊन बसतात. (पुढे मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर चुंबकमापनात गोंधळ होईल, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली. ती अजून चालू आहे. कधी अलिबागला गेलात तर किल्ल्याबरोबर तिचीही आठवण ठेवा.) १० मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेला आकाश लाल झालं, ग्रिडला काही झालं नाही. सूर्यावर लक्ष ठेवणारं आपलं आदित्य-एल१ यान आता पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर बसलंय. लोट त्याच्यापर्यंत आला की पृथ्वीवर पोहोचायला जेमतेम अर्धा-एक तास उरतो. प्रतिमांवरून अंदाज मात्र दिवस-दोन दिवस आधीही बांधता येतो.

ग्रिड पडणं आणि ग्रिड मोडणं यातला फरक व्हिडिओत कुणी सांगत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड कोसळलं, साठ कोटींवर लोकांची वीज गेली, पण रात्रीपर्यंत बहुतेक ठिकाणी परत आली. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई बंद पडली, तेव्हा काही उपनगरांत वीज यायला रात्र झाली. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल गेले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत सावरले. यात रिलेंनी (बिघाड दिसताच लाइन तोडणाऱ्या संरक्षक उपकरणांनी) आपलं काम केलं होतं, यंत्रं शाबूत होती. मग जलविद्युत केंद्रं आधी उठवायची, कारण त्यांना चालू व्हायला बाहेरची वीज फार कमी लागते. औष्णिक केंद्राचे पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या फिरवायलाच मुळात भरपूर वीज लागते. एक एक करून लाइनमध्ये वीज सोडत, लोड जोडत जायचं. नियंत्रण कक्षात त्या वेळी कुणी मोठ्याने बोलतही नाही.

मोठे ट्रान्सफॉर्मर एकदम जळाले तर मात्र गोष्ट महिन्यांवर जाते. आपल्याकडे ७६५ केव्हीचे (७ लाख ६५ हजार व्होल्टचे) ट्रान्सफॉर्मर एकेका फेजचे वेगळे असतात आणि सहसा एक सुटं युनिट जागेवर ठेवलेलं असतं. देशात बनवणारे कारखानेही आहेत. त्यामुळे सगळा देश वर्षभर अंधारात ही कल्पना मला पटत नाही. काही भाग आठवडे अंधारात, आणि बाकी ठिकाणी रोज ठरावीक तास भारनियमन, हे मला जास्त शक्य वाटतं. लोडशेडिंगचा काळ आठवणाऱ्यांना त्याचं नवल वाटायला नको. खरोखर महिने अंधार झाल्याची उदाहरणं पाहिली तर ती चक्रीवादळांचीच आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ कॅरिबियनमधल्या पोर्टो रिको बेटावर आलं, तिथल्या शेवटच्या घरांत वीज पोहोचायला पुढचा ऑगस्ट उजाडला.

आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. विजेचे पोल सुपारीच्या झाडांसारखेच आडवे झाले. मंडणगड, दापोली, श्रीवर्धन भागात कित्येक गावांना आठवडे लाइट नव्हती. पहिल्या रात्री लोकांना अंधाराचं वाटलं, दुसऱ्या दिवशी मोबाइलचं, कारण टॉवरची बॅटरी संपली आणि डिझेल पोहोचेना. तिसऱ्या दिवसापासून बोलणं फक्त पाण्याचं. नळयोजना पंपावर, विहिरीवर मोटर बसलेली, रहाट कधीच मोडीत गेलेला. मग कुणीतरी टेम्पोत भाड्याचा जनरेटर घालून वाडीवाडीत फिरायला लागला, टाकी भरून द्यायचे पैसे घ्यायचा. एटीएम बंद, दुकानदार रोख मागणार, आणि सुटे कुणाकडे नाहीत. पिठाची गिरणी बंद. आमचा भात होता म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे जोंधळा-गहू भरलेला होता त्यांना तो दळायची सोय नव्हती.

आता तुमचं पुणं. दर थोड्या दिवसांनी ‘जलकेंद्रात विद्युतविषयक कामे असल्याने गुरुवारी पाणी बंद’ ही बातमी तुम्ही वाचताच. एका दिवसाच्या त्या बंदनंतर शुक्रवारी सकाळी कमी दाबाने पाणी येतं तेव्हा सोसायटीत काय होतं ते आठवा, आणि ते दोन आठवड्यांनी गुणा. वापरायला माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरले तर चार जणांना चौदा दिवसांचे ८४० लिटर होतात. एवढं पाणी गॅलरीत ठेवू नका. दोनशे लिटरच्या एका पिंपाचं वजन दोनशे किलोच्या वर जातं. घरात पिण्यापुरते वीस लिटरचे पाच-सहा कॅन बास. बाकीचं पाणी तुमच्या पायाखालीच, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत असतं. फक्त ते वर चढवणारा पंप बंद असतो. सोसायटीच्या सभेत एकच ठराव मांडा: टाकीला हातपंप बसवावा किंवा लहानसा पेट्रोल पंपसेट घेऊन ठेवावा, आणि झाकणाची चावी दोघांकडे असावी. जिम आणि सीसीटीव्हीवर दोन तास बोलणारे लोक यावर पाच मिनिटं देतील. टाकीत कुणी उतरायचं नाही, झाकण उघडं ठेवायचं नाही, एवढं मात्र लिहूनच ठेवा.

शुद्धीकरणाला तुमचं आरओ मशीन उपयोगाचं नाही, तेही विजेवर. गढूळ पाण्याला तुरटी, मग गाळून उकळणं. गॅस वाचवायचा तर मेडिक्लोरचे (पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाचे) थेंब, बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. गॅसचे दोन सिलिंडर असू द्या. पीठ कमी, तांदूळ-पोहे-डाळी जास्त. थोडी रोख, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. धान्याचं साठवण मी यापुढे सांगत नाही, ते तुमच्या आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आईचं इन्सुलिन मात्र नीट बघा. न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये लागतात, वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं साधारण महिनाभर बाहेर टिकतात, पण तीस अंशांच्या खाली. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते कठीण. एका मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत वारा लागेल असं ठेवा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत आतलं तापमान चांगलंच उतरतं. कुपी प्लास्टिकच्या डब्यात घालून ठेवायची, ओली होऊ द्यायची नाही. डॉक्टरांना विचारून महिन्याभराचा जादा साठा ठेवा आणि जुना आधी वापरत जा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि सेलही त्यातच.

पिंजऱ्याबद्दल: सौर वादळाने प्लगमधून काढलेल्या वस्तूला काही होत नाही, त्याचा जोर किलोमीटरवारी लांब तारांवर असतो. अणुस्फोटाचा पहिला झटका लहान वस्तूलाही बाधू शकतो. मनाची समजूत हवी असेल तर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, आत पुठ्ठा लावा आणि सेलवर चालणारा रेडिओ, टॉर्च, सुटे सेल आणि एखादा छोटा सोलर चार्जर त्यात ठेवा. टॉवर गेल्यावर बातमी कळायला रेडिओच उपयोगी पडेल, म्हणून हा डबा करायला माझी हरकत नाही. ‘ईएमपी-प्रूफ’ म्हणून हजारोंना विकतात त्या पिशव्या घेऊ नका.

गच्चीवर सोलर आहे म्हणून निर्धास्त असाल तर वेंडरला विचारा. सबसिडीतून बसलेली बहुतेक पॅनेलं ऑनग्रिड, म्हणजे थेट ग्रिडला जोडलेली, असतात. ग्रिडची वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, भर दुपारी ऊन असलं तरी. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच दिवा-पंखा चालेल. सोसायटीच्या पंपासाठी तसा वेगळा संच करता आला तर तो पिंजऱ्यापेक्षा शंभर पटींनी कामाचा.

जनरेटर घेणार असाल तर गॅलरीत किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो. आणि दोन टोकांना प्लग असलेली वायर करून तो घरच्या सॉकेटला कधीही जोडू नका. ती वीज मीटरमधून उलटी जाते, ट्रान्सफॉर्मरवर चढून अकरा हजार व्होल्टची होते, आणि लाइन बंद आहे असं समजून पोलवर चढलेल्या वायरमनला धरते. आमच्या खात्यातली माणसं अशा रिटर्नने गेलेली आहेत. चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी ग्रिड किंवा जनरेटर यापैकी एकालाच जोडणारा) लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या आणि तो एकदा मेन बंद करून तपासून बघा.