दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबॉम्ब राजधानी टोकियोवर का टाकला नाही?

थोडक्यात उत्तर: टाकण्याजोगं टोकियो उरलंच नव्हतं.

१९४५ च्या एप्रिलअखेर अणुबॉम्बसाठी शहरं निवडणाऱ्या अमेरिकन समितीची पहिली बैठक झाली. तिच्या टिपणात टोकियोचं नाव आहे, पण शेजारी शेरा असा की हे शहर जवळजवळ सगळं जळून गेलं आहे, फक्त राजवाड्याचा परिसर उभा आहे. मे महिन्यातल्या बैठकीत राजवाड्यावर टाकावा का, हेही बोलून झालं, पण तशी शिफारस केली गेली नाही. नव्या अस्त्राची ताकद मोजायची आणि जगाला दाखवायची, तर शहर धडधाकट हवं. राखेवर बॉम्ब टाकून काय कळणार? म्हणून यादीत क्योतो, हिरोशिमा, योकोहामा, कोकुरा अशी नावं आली. क्योतो युद्धमंत्री स्टिमसन यांनी हट्टाने काढायला लावलं, आणि नागासाकीचं नाव तर पार जुलैच्या शेवटी घुसलं. अणुबॉम्बाची गोष्ट एवढीच.

पण मग टोकियोची राख झाली कधी? तुमच्या प्रश्नात टोकियो वाचलं असं गृहीत धरलेलं दिसतं. मीही तसंच धरून चाललो होतो. कामानिमित्त तीन वर्षं टोकियोच्या पूर्व भागात, निशी-कासाईला राहत होतो. आपली भारतीय मंडळी तिथे इतकी आहेत की परदेशात आहोत हे विसरायला होतं. एका रविवारी काही उद्योग नव्हता म्हणून जवळच कितासुना भागात असलेल्या हवाई हल्ल्यांच्या एका छोट्या संग्रहालयात गेलो. टोकियो महानगर प्रशासनाने आपल्या स्मारक-संग्रहालयाची योजना १९९९ मध्ये गुंडाळून ठेवली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून २००२ मध्ये हे उभं केलं. तासाभरात बाहेर पडेन म्हणून गेलो आणि बंद व्हायच्या वेळेला निघालो.

ती रात्र ९ आणि १० मार्च १९४५ च्या मधली. एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं मेली, १० लाखांच्या आसपास बेघर झाली, सुमारे ४१ चौरस किलोमीटर शहर जळालं. अणुबॉम्ब अजून पाच महिने दूर होता.

आधी हे जमलं कसं ते सांगतो, कारण त्याच्या आधीचे चार महिने अमेरिकनांना काहीच जमत नव्हतं. पॅसिफिक महासागरातल्या मारियाना बेटांवरून, म्हणजे साधारण २,४०० किलोमीटरवरून, बी-२९ ही बॉम्बफेकी विमानं १९४४ च्या नोव्हेंबरपासून येत होती. पहिलं मोठं लक्ष्य होतं मुसाशिनोचा नाकाजिमा विमान-इंजिन कारखाना. विमानं सुमारे ३०,००० फुटांवरून यायची, आणि तिथे त्यांची गाठ एका अशा वाऱ्याशी पडली की वैमानिकांना धड अंदाजच बांधता येईना. आज आपण त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. पाठीवर घेतला तर विमान सुसाट लक्ष्यापलीकडे, तोंडावर घेतला तर जागच्या जागी. त्यात ढग. बॉम्ब कुठल्या कुठे पडायचे. जानेवारीत या विमानांचे प्रमुख जनरल हॅन्सेल यांना हटवून कर्टिस लमे यांना आणलं गेलं. लमेंनी काही आठवडे तेच करून पाहिलं, मग सगळं उलटं केलं. दिवसाऐवजी रात्र. तीस हजारांऐवजी पाच ते नऊ हजार फूट. विमानांवरच्या बहुतेक बंदुका आणि गोळ्या उतरवल्या, तेवढंच वजन बॉम्बचं वाढवलं. आणि कारखाना नेमका टिपण्याचा नाद सोडून वस्तीच लक्ष्य केली. या घराघरांत यंत्रांचे सुटे भाग बनतात, म्हणून सगळी वस्तीच कारखाना, हे त्यांचं समर्थन. घरगुती कारखाने होते हे खरं. पण जळालेल्यांत कामगार किती आणि पोरंबाळं किती, हा प्रश्न त्या समर्थनात कुठेच नाही.

बॉम्ब कोणता? एम-६९. संग्रहालयात त्याचं नळकांडं आहे. षटकोनी, हातभर लांब, वजन तीन किलोच्या आत. याला भिण्यासारखं काय, असं वाटावं इतकं किरकोळ. अशी ३८ नळकांडी एका मोठ्या बॉम्बमध्ये जुडी बांधून ठेवलेली असत. जमिनीपासून काहीशे मीटरवर जुडी सुटायची आणि प्रत्येकाच्या शेपटीला कापडाची पट्टी फडफडायची. छपरातून घरात घुसल्यावर तीन ते पाच सेकंद शांतता, मग पेटलेल्या नापामचा, म्हणजे घट्ट केलेल्या पेट्रोलचा, चिकट गोळा बाहेर उडायचा आणि जिथे लागेल तिथे चिकटून जळत राहायचा. याची चाचणी अमेरिकेत युटाच्या वाळवंटात घेतली होती. त्यासाठी तिथे चटयांसकट हुबेहूब जपानी घरं बांधली, जाळली, पुन्हा बांधली. त्या घरांचा आराखडा करणारा वास्तुविशारद अँटोनिन रेमंड अनेक वर्षं टोकियोत राहून काम केलेला माणूस होता. शहर कसं जळेल हे तिथे राहून गेलेल्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

त्या रात्री मारियानावरून तीनशेहून जास्त विमानं निघाली, त्यांपैकी २७९ विमानांनी टोकियोवर १,६६५ टन आगलावे बॉम्ब ओतले. रात्री साडेदहाच्या सुमारास सावधगिरीचा इशारा झाला होता, पण काही विमानं येऊन परत गेल्यासारखी वाटली आणि लोक पुन्हा अंथरुणात शिरले. मध्यरात्रीनंतर सात-आठ मिनिटांनी फुकागावा भागात पहिले बॉम्ब पडले. त्याच भागात किबा आहे, शब्दशः ‘लाकडाची जागा’, शहराच्या लाकूडवखारींचा मुलूख. हल्ल्याचा भोंगा वाजला सव्वाबाराला. म्हणजे आग लागली आधी आणि भोंगा झाला नंतर.

वायव्येकडून जोराचा वारा होता. होंजो, फुकागावा, असाकुसा हे सगळे भाग लाकूड, कागद आणि चटया यांचे, घराला घर लागून, अधूनमधून कालवे. लोक पाण्याकडे धावले. सुमिदा नदीवरच्या कोतोतोई पुलावर दोन्ही तीरांवरून लोंढे आले, कारण दोघांनाही पलीकडचा काठ सुरक्षित वाटत होता. मधोमध अडकले, आणि आग पुलावरून आडवी गेली. नदीत उड्या मारलेले मार्चच्या गार पाण्यात काकडून किंवा बुडून गेले. काँक्रीटच्या शाळा पक्क्या म्हणून लोक आत शिरले, तर भिंती तगल्या आणि आतली माणसं भट्टीत सापडावीत तशी गेली. होंजोतल्या फुताबा शाळेच्या पोहण्याच्या तलावात माणसांवर माणसं उतरली. असाकुसाचं सेन्सोजी मंदिर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत वाचलं होतं, तेव्हा कान्नोन देवी याही वेळी राखेल या भरवशावर लोक तिकडे गेले. मुख्य मंदिर जळालं. आज पर्यटक जिथे फोटो काढतात ती इमारत युद्धानंतरची आहे. आवारात काही जुनी गिंको झाडं आहेत, त्यांच्या खोडांवर त्या रात्रीचे काळे डाग अजून आहेत. दाखवल्याशिवाय दिसत नाहीत.

वर विमानांची अवस्था अशी की आगीच्या झोतांनी एवढी अवजड धुडं शेकडो फूट वर फेकली जात होती. आत जळक्या मांसाचा वास येत होता, असं चालकदलातल्यांनीच नंतर सांगितलं आहे. अमेरिकेची १४ विमानं गेली.

इथवरचं कुठल्याही माहितीपटात मिळेल. मला संग्रहालयात खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका वस्तूने. लांब बांबू, टोकाला जाड दोरांचा झुपका. आपल्याकडे जळमटं काढायचा झाडू असतो ना, थेट तसा. वापर: पाण्यात बुडवून आगीवर झोडपायचा. नापामवर, हो. बाजूला बादल्या आणि कापूस भरलेलं टोपडं. हे टोपडं डोक्याला मार लागू नये म्हणून घालायचे. त्या रात्री ठिणग्या बसून तेच पेटायचं.

मी मनात म्हटलं, बिचारी माणसं, हाती काही नव्हतं म्हणून झाडू घेतला. तसं नव्हतं. झाडू हा कायदा होता. जपानमध्ये १९३७ चा हवाई संरक्षण कायदा होता आणि १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये तो सुधारून दोन गोष्टी घातल्या. एक, सरकारला शहर सोडून जायला मनाई करता येईल. दोन, बॉम्बने आग लागली तर तिथल्या माणसांनी ती विझवलीच पाहिजे. मोडलं तर तुरुंग किंवा दंड. त्याहून धाक होता तोनारीगुमीचा, म्हणजे दहा-बारा घरांच्या शेजारगटाचा. रेशनसुद्धा त्याच गटामार्फत मिळायचं, मग शेजाऱ्यांशी वाकडं कोण घेणार? गटाने बादल्यांची साखळी लावून सराव करायचा. आगलावा बॉम्ब भिण्यासारखा नसतो, धीराने तोंड दिलं तर विझतो, हे सरकारी पुस्तिका सांगायच्या. आसऱ्यासाठी घराच्या फरशीखालीच खड्डा खणा, म्हणजे चटकन बाहेर येऊन आग विझवता येईल, हाही त्यातलाच सल्ला. जळत्या घराखालच्या खड्ड्यात बसायचं!

म्हणून माझं मत असं झालंय की त्या रात्री मेलेल्यांचा हिशोब एकट्या लमेंच्या खात्यावर मांडता येत नाही. आग त्यांनी लावली, आणि ती माणसं जाळण्यासाठीच लावली, यात मला शंका नाही. पण पहिली दहा-वीस मिनिटं, जेव्हा पळता आलं असतं, ती शेकडो गल्ल्यांमधल्या माणसांनी बादल्या आणि झाडू घेऊन घालवली. वाचलेल्यांच्या आठवणी वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: घरातल्या कोणीतरी, बहुतेक वेळा आईने किंवा एखाद्या म्हाताऱ्याने, आता पुरे, पळा, असं म्हटलं. तेवढा एक निर्णय लवकर झाला ती घरं थोडीफार उरली.

लहान मुलांचं आणखी एक. १९४४ च्या उन्हाळ्यापासून प्राथमिक शाळेतल्या तिसरी ते सहावीच्या मुलांना शाळेसकट खेड्यांत हलवलं होतं. हे खरं तर शहाणपणाचं काम. पण मार्च हा तिथे शाळा संपायचा महिना. सहावीची मुलं निरोप समारंभासाठी आणि पुढच्या शाळेच्या प्रवेशासाठी मार्चच्या सुरुवातीला टोकियोत परतली, आणि त्यातली कित्येक त्या रात्री सापडली. ज्या धाकट्यांना खेड्यातच ठेवलं ती वाचली, पण अनेकांना न्यायला पुढे कोणी आलंच नाही.

याचे फोटो आहेत ते एका माणसामुळे. टोकियो पोलिसांचे छायाचित्रकार इशिकावा कोयो यांनी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ३३ फोटो काढले. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागितले तेव्हा मूळ निगेटिव्ह त्यांनी दिली नाहीत. घराच्या आवारात पुरून ठेवली. त्यात मूल पाठीला बांधलेल्या आईचा फोटो आहे. मी त्याचं वर्णन करत नाही.

पुढच्या दहा दिवसांत नागोया, ओसाका, कोबे आणि पुन्हा नागोया अशीच जाळली गेली, तेव्हा कुठे आगलाव्या बॉम्बचा साठा आटला. टोकियोवर एप्रिलमध्ये आणि मेमध्ये पुन्हा मोठे हल्ले झाले. २५ मेच्या रात्रीच्या हल्ल्यात, समितीच्या टिपणात ‘उभा’ असलेला राजवाडाही पेटला. त्यानंतर टोकियो आगलाव्या हल्ल्यांच्या यादीतून काढलं गेलं, कारण जाळण्यासारखं काही राहिलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे पुरं होतं.

टिप्पण्यांमध्ये कोणीतरी विचारणारच, म्हणून स्मारकाचंही सांगून टाकतो. हिरोशिमासारखं स्वतंत्र मोठं स्मारक शोधायला जाऊ नका. र्योगोकू स्टेशनपासून चालत योकोआमिचो बाग आहे. १९२३ च्या भूकंपानंतर याच जागी, तेव्हा मोकळ्या असलेल्या मैदानावर, आसऱ्याला आलेले सुमारे ३८,००० लोक आगीत जळाले होते. त्यांच्यासाठी १९३० मध्ये इथे सभागृह बांधलं. १९४५ च्या मृतांना आधी उद्यानांमध्ये घाईने पुरलं होतं, युद्धानंतर ते अवशेष उकरून त्याच सभागृहाला जोडून ठेवले. भूकंपाचे आणि युद्धाचे मिळून १ लाख ६३ हजार जणांचे अवशेष एकाच आवारात आहेत. १ सप्टेंबरला भूकंपाचा स्मृतिदिन, १० मार्चला हल्ल्याचा.

१९६४ मध्ये जपान सरकारने कर्टिस लमे यांना ‘ऑर्डर ऑफ द रायझिंग सन’ हा किताब दिला. जपानचं नवं हवाई दल उभारायला मदत केल्याबद्दल. तिकडच्या एका सहकाऱ्याला मी हे विचारलं, तर तो म्हणाला, आमच्या शाळेत हे सांगितलंच नाही.

आणि भरपाई? १९५२ च्या कायद्याने जखमी सैनिकांना, मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना सरकार पैसे देऊ लागलं. बॉम्बहल्ल्यात हातपाय गेलेले, अनाथ झालेले नागरिक त्यात बसत नव्हते, कारण ते सरकारी नोकरीत नव्हते. २००७ मध्ये शंभराहून जास्त वाचलेल्यांनी आणि मृतांच्या नातलगांनी टोकियोच्या न्यायालयात सरकारवर दावा लावला. २००९ मध्ये तो फेटाळला गेला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. झाडू हातात देताना ही माणसं सरकारला आपली वाटत होती, पैसे मागायला आली तेव्हा ती नुसती नागरिक ठरली.