जुनी इलेक्ट्रिक गिटार घेण्याआधी : भाच्यास पत्र

चि. भाच्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि मोबाइलवर पाठवलेली छायाचित्रे पाहिली. नागपुरातला एक विद्यार्थी शिक्षण संपवून गावी परतण्यापूर्वी आपली इलेक्ट्रिक गिटार सात हजारांत विकतो आहे, हलक्या धानाचे पैसे घरात आले आहेत, आणि गडचिरोलीकडच्या वडशाच्या एका नाट्यमंडळीने यंदा तुला वादकांत बसवून घेण्याचे कबूल केले आहे. अशा वेळी ही गिटार घ्यावी की नाही, असा तुझा प्रश्न आहे. माझे मत सरळ आहे. जो बिघाड आपल्या तालुक्यात दुरुस्त होतो, तो त्या गिटारीत असला तरी चालेल. जो आपल्याकडे दुरुस्त होत नाही, तो असेल तर ती निम्म्या किमतीतही घेऊ नये.

आपल्याकडे बाजाराच्या प्रत्येक गावी माइक, मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त करणारा एखादा तरी मेकॅनिक असतो. गिटारीचा सैल झालेला जॅक, म्हणजे वायर खोचण्याचे भोक, तुटलेली वायर, फिरवताना खरखरणारे आवाजाचे बटण ही त्याच्या रोजच्या हाताखालची कामे आहेत. सोल्डरचा एक टाका किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, एवढ्यावर ती बहुधा भागतात. पण नेक, म्हणजे तारांखालचा लांब गळा, पिळली असेल तर ती सरळ करणे किंवा तिच्यावरचे झिजलेले फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बदलणे हे वेगळ्या कारागिराचे काम आहे. त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते, आणि एवढ्या स्वस्त वाद्याच्या बाबतीत तो खर्च वाद्याच्या किमतीला जाऊन भिडतो. विकणारे मात्र नेमके उलट बोलतात. खरखर असली की दोन हजार उतरवतात आणि फ्रेटबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तू खरखरीवर किंमत उतरवून घे आणि सगळे लक्ष नेककडे ठेव.

नेक अशी पाहावी. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाक. एक कड वर आणि एक खाली जाताना दिसली तर ती पिळलेली आहे, आणि तिथेच नमस्कार करून परत फिरावे. नुसता बाक असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारण नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते आणि तिचा नट फिरवून बाक कमी-जास्त करता येतो. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धर. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. ती बरीच जास्त असेल, तर ट्रस रॉडच्या नटात चावी नीट बसते की त्याची खाच गुळगुळीत झाली आहे, ते पाहा. गुळगुळीत झाली असेल तर सळई असून नसल्यासारखीच.

मग फ्रेट. पहिल्या तीन-चार फ्रेटवर बारीक तारांच्या खाली खाचा पडलेल्या असतात. थोड्या असल्या तर काही बिघडत नाही, पण नखाला जाणवतील इतक्या खोल असतील तर स्वर भणभणतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे बारीक तार ओढून मींड घेऊन पाहा, स्वर मध्येच गुदमरता कामा नये. याच बाराव्या फ्रेटच्या नेमके वर तारेला बोट नुसते टेकवून ती छेड आणि नंतर तीच तार तिथे दाबून छेड. दोन्ही स्वर मोबाइलच्या ट्यूनरवर सारखे यावेत. फरक आला तर दोष जुन्या तारांचाही असू शकतो, म्हणून नव्या तारांचा एक सेट सोबत ने आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन तिथेच चढव. नेकच्या कडेवरून अंगठाही फिरव. आपल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आखडते आणि फ्रेटची टोके बाहेर येऊन टोचू लागतात. आता, पावसाळा नुकताच सरला असतानाच ती टोचत असतील, तर मे महिन्यात हात सोलून निघेल.

गिटारीच्या डोक्यावरच्या नावाला आणि तिच्या आकाराला भुलू नकोस. तुझ्या छायाचित्रातला आकार फेंडर कंपनीने 1954 साली स्ट्रॅटोकास्टर म्हणून बाजारात आणला. त्याच्या नकला जगभर स्वस्तात बनतात आणि नाव तर चिकटवताही येते.

विक्रेता गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडून वाजवू देत नसेल, तर व्यवहार करू नये. जोडल्यावर पाचही जागांवर स्विच फिरवून प्रत्येक पिकअप, म्हणजे तारांखालचा त्यांचा आवाज टिपणारा भाग, बोलतो की नाही ते पाहा. या जातीच्या पिकअपमध्ये विजेची घरघर येतेच, तिला दोष समजू नकोस. तारांना हात लावताच ती कमी झाली म्हणजे आतली अर्थिंगची वायर शाबूत आहे. आणि आपल्या घरातले अर्थिंग? थ्री-पिन सॉकेटचे तिसरे छिद्र पुष्कळ घरांत केवळ शोभेचे असते. मंडपात गिटार एका लाइनवर, माइक दुसऱ्या लाइनवर आणि गाताना ओठ माइकला लागले, तर बसणारा झटका थट्टेवारी नेण्यासारखा नसतो. वायरमनकडून ते एकदा तपासून घे, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नकोस.

आता पैशांचे. ही गिटार एकटी घेऊन काही होणार नाही, आणि मंडळीच्या मिक्सरला ती सरळ जोडली तर आवाज बसका, मुका येतो, कारण तिच्या पिकअपला मिक्सरच्या साध्या लाइनपेक्षा वेगळ्या प्रकारचा इनपुट लागतो. अँप घेऊन गावोगाव हिंडण्यापेक्षा जुना का होईना, एक लहान मल्टी-इफेक्ट प्रोसेसर, म्हणजे गिटारीचा आवाज घडवणारी छोटी पेटी, घे. तो मिक्सरलाही जोडता येतो आणि घरी हेडफोन लावून रात्री सरावही करता येतो, शेजारी तक्रार करीत नाहीत. म्हणजे सात हजारांचा आकडा मनातून काढून टाक आणि गिटार, प्रोसेसर, वायर, तारा, जाण्यायेण्याचे भाडे असा एकत्र हिशोब मांड. तो धानाच्या पैशांतून खत-मजुरीची देणी भागवून उरलेल्या रकमेत बसत नसेल, तर हा हंगाम तुझ्या जवळच्या साध्या गिटारीला माइक लावून काढ. मंडळी तेवढ्यावरून तुला उठवणार नाही.

घेतलीसच, तर दोन गोष्टी सांभाळ. ती कूलरच्या झोतात किंवा टिनाच्या खाली भिंतीवर टांगू नकोस. ओल आणि ताप दोन्ही नेकला बाधतात. आणि प्रयोग रात्रभर चालतो, थंडी पडली की तारा आखडून स्वर चढतो, म्हणून घरी जुळवलेल्या सुरावर विसंबू नकोस. गिटार मंडपात अर्धा तास उघडी ठेवून मगच खुंट्या पिळ. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकवण्याचा भाग, हलता असेल तर मागच्या स्प्रिंगा घट्ट करून तो बॉडीला टेकवून टाक. ब्रिजची दांडी हलवून काढायच्या लहरी स्वरांची नाटकात फारशी गरज पडत नाही.

नेक आणि फ्रेट मनासारखे निघाले तर पाच हजारांपासून बोलणी सुरू कर आणि सहापर्यंत जा. वस्तू हातात घेऊन वाजवल्याशिवाय मोबाइलवरून एक रुपयाही आगाऊ पाठवू नकोस, मग तो दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे असे कितीही सांगो.

तुझा,
मामा