ब्रिटनमध्ये शिकारी पक्षी मारणाऱ्यांना इतकी सौम्य शिक्षा का होते?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८१ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा गुन्ह्यासाठी कमाल सहा महिन्यांचाच तुरुंगवास असून, न्यायालये बहुधा तेवढाही प्रत्यक्षात भोगायला लावत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण आहे. २०१४ मध्ये नॉरफोक परगण्यात १० बझर्ड आणि एक स्पॅरोहॉक हे शिकारी पक्षी विष घालून मारल्याबद्दल दोषी ठरलेल्या गेमकीपरला, म्हणजे धनिकांच्या शिकारीसाठी फेझंट (कोंबडीसारखे पक्षी) राखणाऱ्या नोकराला, अवघ्या १० आठवड्यांची शिक्षा झाली आणि तीही स्थगित ठेवण्यात आली. शिवाय निर्जन माळरानावर साक्षीदार नसल्याने बरीच प्रकरणे न्यायालयापर्यंत पोहोचतच नाहीत. मात्र हे संपूर्ण ब्रिटनला लागू नाही: स्कॉटलंडने २०२० च्या कायद्याने वन्य पक्षी मारण्यासाठीची कमाल शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली आहे.