आधी लोकांत जा, लोगो नंतर

मित्रा, कॉलेजात असताना सामाजिक उद्योग (लोकांची अडचण सोडवणारा आणि स्वतःच्या कमाईवर चालणारा) सुरू करायचा म्हणतोस, पण 'समाजासाठी काहीतरी करायचंय' एवढ्यावर पहिलं सेमिस्टर निघतं, दुसरं नाही. नेमकी कुणाची अडचण तुझ्या डोक्यातून जात नाही, ते आधी शोध. १९७६मध्ये बांगलादेशातल्या चितगाव विद्यापीठाचे प्राध्यापक महंमद युनूस शेजारच्या जोब्रा गावात गेले, तेव्हा ४२ जणांचं कर्ज मिळून जेमतेम २७ डॉलर भरलं. त्यातून पुढे गरिबांना लहान कर्जं देणारी त्यांची ग्रामीण बँक झाली, ती थेट १९८३मध्ये.

नेहमीच्या चुका:
- लोकांशी बोलण्याआधी लोगो. (आम्ही तर टी-शर्टही छापले होते!)
- स्पर्धेचं बक्षीस म्हणजे कमाई समजणं. गिऱ्हाईक पदरचे पैसे मोजतंय का, ते बघ.
- परीक्षेच्या दिवसांत काम कोण सांभाळणार, हे न ठरवणं.

कलम ८ची (नफा न वाटणारी) कंपनी, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) वगैरे सध्या राहू दे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचं तरुणांसाठीचं 'निर्माण' शिबिर मात्र जमलं तर कर.